मोबाइलवर ‘ब्रेकिंग’ आलं की काय करायचं? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पंधरा वर्षं एका मराठी वर्तमानपत्रात शहर डेस्कवर उपसंपादक होतो. आता कुर्ल्यात राहतो आणि आमच्या वस्तीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सांभाळतो. पाऊस लागला, कुठे आग लागली, लोकल अडकली की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हे निवांत लिहून ठेवलं आहे. डेस्कवर पहिल्या दिवशी शिकवलेली एक गोष्ट आजही माझ्या उपयोगी पडते. बातमी आली की आधी विचारायचं, हे कोणी पाहिलं? खालची बरीच उत्तरं या प्रश्नातूनच निघाली आहेत.

ग्रुपवर पाणी भरल्याचा व्हिडिओ आला. तो आजचाच आहे हे कसं ओळखायचं?

आधी पाठवणाऱ्याला विचारा, “तू स्वतः काढलास का?” तो म्हणेल, भावाने पाठवला. मग भावाला विचारायचं. दोन-तीन माणसं मागे गेलं की बहुतेक वेळा “आला होता कुठल्यातरी ग्रुपवर” इथे माग संपतो. माग संपला तिथेच तो व्हिडिओ थांबवायचा. व्हॉट्सअॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर तो किमान पाच हात फिरून आलेला असतो. म्हणजे तुम्हाला पाठवणारा माणूस त्याचा साक्षीदार नाही, हे तिथेच कळतं.

मग व्हिडिओ नीट बघा. आपल्याकडे पाणी ठरलेल्या जागीच भरतं: हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा हिंदमाता आजचा म्हणून सहज खपतो. पण शहर बदलत असतं आणि त्याच्या खुणा चित्रात राहतात. बेस्टची जुनी डिझेलवरची लाल डबलडेकर दिसली तर तो व्हिडिओ सप्टेंबर २०२३ च्या नंतरचा असू शकत नाही, कारण ती गाडी तेव्हा कायमची बंद झाली. प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सीही त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बंद झाली. स्टेशनच्या पाटीवर ‘एल्फिन्स्टन रोड’ दिसलं तर चित्रण बहुधा जुलै २०१८ च्या आधीचं, कारण त्या महिन्यात स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. पश्चिम द्रुतगती महामार्गावर मेट्रोचे खांब अर्धवट दिसतात की वरून गाडी धावते आहे, हेही पाहा. सिनेमाची पोस्टरं आणि निवडणुकीचे फलक तर वर्षच सांगतात. मी एकदा एक व्हिडिओ केवळ मागच्या भिंतीवरच्या शुभेच्छा फलकावरून जुना ठरवला होता. फलकावरच्या माणसाने तो पक्ष सोडून तीन वर्षं झाली होती.

शेवटचा उपाय म्हणजे व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र आधी कधी आणि कुठे आलं होतं, ते पुष्कळदा मिनिटभरात समोर येतं. मात्र लेन्सला काही सापडलं नाही म्हणून व्हिडिओ नवा, असं मानू नका. फक्त जुना पुरावा मिळाला नाही, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

आमच्याकडे तर रस्ता कोरडा आहे. मग व्हिडिओ खोटाच, नाही का?

नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्यात साधारण ७३. एकाच शहराची ही दोन टोकं. त्या संध्याकाळी दक्षिण मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्या अनेकांना कलिना-कुर्ल्यात माणसं गळ्याएवढ्या पाण्यात आहेत यावर विश्वास बसला नव्हता. स्वतःच्या खिडकीतून दिसतं तेवढ्यावरून दुसऱ्याला खोटं ठरवू नका. “मी अमुक ठिकाणी आहे, इथे आत्ता पाणी नाही,” असं लिहा. ती तुमच्यापुरती खरी बातमी आहे आणि कुणाच्या तरी कामाची आहे.

सगळ्यात आधी आणि खात्रीने कुठे कळतं?

आधी आणि खात्रीने, हे दोन्ही एका ठिकाणी क्वचित मिळतं. घटना आधी कळते ती तिथल्या माणसाच्या मोबाइलमधून. खात्री नंतर येते. पावसासाठी हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र आणि महापालिकेचा आपत्कालीन कक्ष पाहा. कक्षाचा दूरध्वनी १९१६. पोलिसांसाठी ११२, अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेसाठी १३९. लोकलच्या बाबतीत माझा अनुभव असा की एम-इंडिकेटर या लोकलच्या अॅपवर प्रवाशांची चॅट रेल्वेच्या अधिकृत खात्यापेक्षा बऱ्याचदा आधी बोलते. डब्यात अडकलेला माणूस “कुर्ला आणि शीवच्या मधे वीस मिनिटं उभे आहोत” असं लिहितो, तेव्हा तो साक्षीदार असतो. गाडी का थांबली याबद्दल मात्र त्याचा अंदाज असतो, कारण ते त्याला डब्यातून दिसत नाही. साक्ष घ्या, अंदाज सोडून द्या.

निळी टिक असलेलं खातं खरंच असतं ना?

आता नाही. एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, तिथे निळी टिक पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना राखाडी टिक असते. नावातलं एखादं अक्षर बदलून महापालिकेच्या किंवा पोलिसांच्या नावाने चालवलेली खाती मी पाहिली आहेत. खातं कधी उघडलं आणि आधीच्या पोस्ट कसल्या आहेत, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं.

मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा का असतो? कोण लपवतं?

बहुतेक वेळा कोणी लपवत नसतं. आकडा तयार कसा होतो ते कळलं की हे लक्षात येतं. जखमींना राजावाडी, शीव, केईएम अशा वेगवेगळ्या रुग्णालयांत नेतात. तिथले कॅज्युअल्टीतले सहायक वैद्यकीय अधिकारी, ज्यांना सगळे एएमओ म्हणतात, ते आपत्कालीन कक्षाला कळवतात: इतके दाखल, इतके उपचार करून घरी सोडले, इतक्यांना दाखल करण्यापूर्वीच मृत घोषित केलं. एका रुग्णालयाचा निरोप पोचलेला असतो, दुसऱ्याचा वाटेत असतो. जागेवर काम करणारे जवान ढिगाऱ्यातून काढलेल्यांची वेगळी गणती ठेवतात. उपचार चालू असताना कोणी दगावलं की आकडा पुन्हा बदलतो.

१३ मे २०२४ ला वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर फलक कोसळला. त्या रात्रीचा आकडा वेगळा, सकाळचा वेगळा, आणि शेवटी तो १७ वर थांबला. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेली बोट बुडाली, तेव्हाही पहिल्या दिवशी १३ आणि नंतर १५. म्हणून आकडा लिहिताना त्याच्याशेजारी वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा: “रात्री साडेनऊ, आपत्कालीन कक्ष.” डेस्कवर आम्ही वेळेशिवाय आकडा पानावर घेत नव्हतो, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो. मृतांचा आकडा वाढवून सांगितला की रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

‘लेव्हल ३ ची आग’ म्हणजे किती माणसं गेली?

माणसांशी त्याचा संबंध नाही. वर्दी मिळाली की अग्निशमन दल आगीची पातळी ठरवतं आणि त्यावरून किती गाड्या, किती मनुष्यबळ लागेल ते ठरतं. रिकाम्या गोदामाची आग लेव्हल ३ असू शकते आणि एका खोलीतल्या छोट्या आगीत धुराने जीव जाऊ शकतो.

धरण फुटलं, समुद्र आत येतोय असे मेसेज येतात. त्यावर काय करायचं?

या प्रश्नाला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण या शहरात अशा अफवेने माणसं मारली आहेत.

२६ जुलैच्या पुरानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलै २००५ च्या रात्री, जुहूजवळच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटल्याची, त्सुनामी येत असल्याची आवई उठली. त्याआधी सात महिन्यांपूर्वीच त्सुनामीने तमिळनाडूत हजारो बळी घेतले होते आणि परवाचं पाणी सगळ्यांच्या अंगावरून अजून उतरलं नव्हतं. अंधारात, अरुंद गल्ल्यांतून लोक पळाले आणि चेंगराचेंगरीत मुलंबाळंही गेली. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. अफवा तोंडानेच फिरली होती. आज ती मोबाइलवर त्याहून लवकर पोचते.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर २३ जणांचा जीव गेला. पाऊस, अरुंद जिना, एकाच वेळी आलेल्या गाड्यांची गर्दी ही कारणं होतीच. पण एका जखमी मुलीने चौकशी समितीला सांगितलं की कोणीतरी “फूल गिर गया” ओरडलं आणि लोकांनी “पूल गिर गया” ऐकलं. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात, मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण गेले. डब्यात आग नव्हती. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

आता धरणाचं. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत: भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, विहार आणि तुळशी. त्यातले विहार आणि तुळशी तेवढे शहरात, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. बाकीचे दूर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. दर पावसाळ्यात “तुळशी ओसंडून वाहू लागला” अशी बातमी येते. ती आनंदाची असते. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून जातं, तो त्यासाठीच बांधलेला असतो. ‘ओसंडला’ या शब्दाचा दोन फॉरवर्डमध्ये ‘फुटला’ होतो.

भरतीचंही असंच. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, कारण भरती चंद्र-सूर्याच्या गणितावर चालते. “उद्या ४.८ मीटरची भरती, घर सोडा” हा मेसेज आला तर आकडा खरा असेलही, पण घर सोडण्याचा सल्ला कोणीतरी स्वतःच जोडलेला असतो. धोका असतो तो मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले तर. कारण तेव्हा नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. त्सुनामीचा इशारा हैदराबादचं राष्ट्रीय केंद्र देतं, कोणाच्या मामेभावाचा नौदलातला मित्र देत नाही.

आणि खरोखर घर सोडायची वेळ आलीच तर? मिठी नदीकाठी क्रांतीनगरला पाणी वाढतं तेव्हा पोलीस आणि पालिकेची माणसं स्वतः येतात, भोंग्यावरून सांगतात, शाळेत सोय करतात. ती माणसं आली की वाद न घालता निघा.

पहिली बातमी मोठ्या चॅनेलने दिली असेल तर ती पुढे पाठवायला हरकत नाही ना?

थोडं थांबलात तर बरं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून प्रवासी पडले. सुरुवातीला सगळीकडे पुष्पक एक्स्प्रेसचं नाव फिरत होतं. नंतर कळलं की समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून पडले. पहिल्या अर्ध्या तासात वार्ताहरही वाटेतच असतो आणि त्याच्याही हातात तुमच्यासारखेच मेसेज असतात.

मी नेमका तिथे हजर आहे. काय करू?

आधी मदत. हात मोकळा असेल तर जखमेवर ओढणी बांधा, गाडी थांबवा, १०८ लावा. मोबाइल त्यानंतर.

नंतर मात्र नक्की शूट करा, कारण तुमचं चित्रण न्यायाच्या कामी येऊ शकतं. घारापुरीच्या बोटीतल्या एका प्रवाशाने नौदलाची वेगवान बोट गिरक्या घेत येते आणि धडकते ते मोबाइलवर टिपलं होतं. तो व्हिडिओ नसता तर धडक कशी झाली यावर किती दिवस वाद चालला असता याची मी कल्पना करू शकतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हाही आत किती पाणी, किती म्हातारी माणसं आणि मुलं आहेत, हे प्रवाशांच्या व्हिडिओंतूनच बाहेर कळलं. हजाराहून जास्त लोक सुखरूप बाहेर आले.

मोबाइल आडवा धरा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा सांगा: “आज मंगळवार, सकाळचे सव्वाआठ, मी चुनाभट्टी फाटकाजवळ उभा आहे.” मग गप्प बसा. दुकानाची पाटी किंवा स्टेशनचं नाव एकदा चौकटीत येऊ द्या. हळू फिरवा. “सगळे मेले, सगळं संपलं” असं बोलू नका, दिसतं तेवढंच सांगा. संगीत लावू नका. मूळ फाइल पुसू नका आणि पोलिसांना किंवा पत्रकाराला देताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि फाइलमधली वेळ-जागेची नोंद निघून जाते.

रुळावर उतरून, उघड्या वायरीजवळ, पुरात गाडीच्या टपावर चढून चित्रण करू नका.

काय अजिबात दाखवू नये?

मृतांचे आणि बेशुद्ध जखमींचे चेहरे. घरच्यांना कळण्याआधी ग्रुपवरून कळू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही दाखवणं आणि गुन्ह्यात सापडलेल्या किंवा बळी पडलेल्या लहान मुलाचं नाव, शाळा, पत्ता देणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

आणि पोलिसांची कारवाई चालू असेल तर ती थेट दाखवू नका. २६/११ ला कमांडो हेलिकॉप्टरमधून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरताना साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, आणि तेच चॅनेल सीमेपलीकडून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारेही बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालात चॅनेलांना त्यासाठी कडक शब्दांत सुनावलं. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण केबल टीव्हीच्या नियमांनी बंद केलं. नियम चॅनेलांसाठी आहे, पण समोरच्या इमारतीच्या खिडकीतून तुम्ही केलेलं लाइव्हही तेवढंच दूर दिसतं. शूट करा, कारवाई संपल्यावर टाका.

चुकीचं पोस्ट केलं तर अटक होते का? मी ग्रुप अॅडमिन आहे, मला भीती वाटते.

भीती बाळगून गप्प बसू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि ज्या कलमाखाली अशा अटका व्हायच्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. अॅडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसल्याशिवाय, केवळ अॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही.

पण लोकांत घबराट किंवा दोन समाजांत तेढ पसरवणारी खोटी अफवा पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या ३५३ कलमाखाली गुन्हा आहेच. खरं मानायला सबळ कारण होतं आणि हेतू प्रामाणिक होता, अशांना त्यातून वगळलं आहे. म्हणून “हे मला कोणाकडून कळलं” याची नोंद ठेवणं तुमच्याच हिताचं.

रक्त हवंय, मूल हरवलंय असे मेसेज तरी पाठवायलाच हवेत ना?

१३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला स्फोट झाले. त्या रात्री कोणीतरी इंटरनेटवर एक साधी तक्ता-फाइल उघडली आणि लोकांनी त्यात आपली नावं आणि फोन भरले: रक्त देईन, गाडीने सोडेन, माझ्या घरी राहायला या. समाजमाध्यमांवरचं माझं प्रेम त्या रात्रीचं आहे.

पण अशा यादीला वय असतं. रक्त मिळाल्यावरही तो मेसेज महिनोन्‌महिने फिरतो आणि रुग्णाच्या घरी फोन वाजत राहतात, कधी कधी माणूस गेल्यानंतरही. तारीख, रुग्णालय, वॉर्ड आणि ‘अमुक वेळेपर्यंत’ एवढं नसेल तर आधी त्या नंबरवर फोन करून विचारा. मदतीच्या नावाने क्यूआर कोड आला तर त्या संस्थेशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

घाबरलेल्या आवाजातल्या ऑडिओ क्लिपचं काय? आणि एआयने बनवलेल्या व्हिडिओंचं?

“मी पोलीस स्टेशनमधून बोलतोय” म्हणणारी, नाव आणि पोलीस ठाणं न सांगणारी क्लिप थेट पुसा. एआयच्या व्हिडिओंत बोटं, पाट्यांवरची अक्षरं बिघडलेली असायची, पण ते दोष कमी होत चालले आहेत. देवनागरी पाटी अजून बऱ्याचदा चुकते, ती वाचून बघा. पण इथेही खरा उपाय जुनाच: एवढी मोठी घटना खरी असती तर दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या माणसाने काढलेला व्हिडिओ आला असता. दादरला शंभर माणसांच्या हातात शंभर मोबाइल असतात. शंका राहिलीच तर बूम, ऑल्ट न्यूज यांच्यासारखे तथ्यपडताळणी करणारे गट काय म्हणतात ते शोधा.

काका-मावशी रोज काहीबाही फॉरवर्ड करतात. सगळ्यांसमोर टोकावं का?

सगळ्यांसमोर नको. वेगळा मेसेज करा, शक्य असेल तर फोन. “मावशी, तो व्हिडिओ २०१७ चा आहे, हा बघा,” एवढं सांगितलं तर ती स्वतः ग्रुपवर लिहील. चारचौघांत अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी तुम्हाला न दाखवता फॉरवर्ड करतो. आणि ती पाठवते ती बहुधा आपल्या काळजीपोटी, हे विसरू नका.

माझा व्हिडिओ चॅनेलने न विचारता वापरला. काही करता येतं?

चित्रण तुमचं असेल तर हक्कही तुमचा. विचारायला आलेल्या पत्रकाराला परवानगी लिहून द्या, नाव हवं की नको ते स्पष्ट सांगा. घटना गुन्ह्याची असेल तर नाव न दिलेलं बरं.

माझ्याकडून चुकीचं गेलं. आता?

हे मी स्वतः केलं आहे. एका पावसाळी रात्री मिठीचं पाणी वाढल्याचा मेसेज मी वेळ न बघता ग्रुपवर टाकला. तो आदल्या वर्षीचा होता. शेजारच्या आजी घाईने सामान माळ्यावर चढवताना शिडीवरून घसरल्या आणि त्यांचा हात मोडला. मी आधी फक्त मेसेज पुसला होता. ते पुरेसं नव्हतं, कारण तोवर तो चार ग्रुपांत गेला होता आणि पुसलेला मेसेज बघून लोकांना वाटलं की काहीतरी दडवलं जातंय.

म्हणून नुसतं पुसू नका. जिथे जिथे पाठवलंत तिथे तिथे नव्याने लिहा: “रात्री पावणेदहाला मी टाकलेला मेसेज जुना आहे. मिठीची पातळी आत्ता सामान्य आहे, १९१६ वर विचारून घेतलं. ज्यांना पुढे पाठवला त्यांना हा पाठवा.” वेळ, नेमकी चूक, खरं काय आणि कोणी सांगितलं, हे चारही त्यात हवं. मग ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना फोन करा.